चीनची फक्त छडी हवी आहे

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच. उघड्या मैदानावर पिवळ्या पोकलेनची झुंबड, सगळं फास्ट फॉरवर्डमध्ये, मागे दणदणीत म्युझिक आणि शेवटी हजार खाटांचं हॉस्पिटल उभं. वुहान, दहा दिवस. खाली कुणीतरी लिहितं, "आणि आपण?" त्याखाली कपाळाला हात मारणाऱ्या इमोजींची रांग. दुपारी जेवणाच्या टेबलावरही तोच विषय निघतो, कारण खिडकीतून मेट्रोचे खांब दिसत असतात. हिंजवडीच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं. वुहानचं हॉस्पिटल त्यानंतर वर्षभराने बांधायला घेतलं आणि दहा दिवसांत बांधून मोकळे झाले. मग टेबलावरचा सगळ्यात हुशार माणूस डबा बंद करता करता ठेवणीतलं वाक्य काढतो: "आपल्याकडे लोकशाहीचे फार लाड झालेत. पाच वर्षं चीनसारखा एक माणूस द्या. कुणाला विचारायचं नाही. सांगायचं आणि करून घ्यायचं."

मला त्याच्यावर हसायचा अधिकार नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला वक्तृत्व स्पर्धेत मी हेच बोललो होतो. टाळ्याही भरपूर पडल्या होत्या. ते भाषण मला आता परत घ्यायचंय. लोकशाही पवित्र असते, तिला नावं ठेवू नयेत, असल्या कारणासाठी नाही. ते भाषण चीनबद्दलच चुकीचं होतं, म्हणून.

आधी त्या व्हिडिओचंच बघू. हॉस्पिटलचं काम सुरू झालं २३ जानेवारी २०२० ला. त्याच शहरात, त्याच महिन्यात, ३ जानेवारीला ली वेनलियांग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरला पोलिसांनी बोलावून घेतलं होतं. त्यानं आपल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर नव्या आजाराबद्दल सावध केलं होतं. 'मी अफवा पसरवली, पुन्हा असं करणार नाही' अशा अर्थाच्या कागदावर त्याची सही घेतली. हॉस्पिटल २ फेब्रुवारीला तयार झालं. ७ फेब्रुवारीला ली त्याच आजारानं गेला. सांगायचं आणि करून घ्यायचं, ही एकच पद्धत या दोन्ही गोष्टींमागे आहे. आपण फॉरवर्ड करतो त्यातली एकच.

पण एवढं बोलून थांबलं तर ते फक्त टोमणा मारल्यासारखं होतं. समोरचा लगेच म्हणतो, ठीक आहे, थोडी दडपशाही झाली असेल, पण चाळीस वर्षांत कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले ते कशामुळे? प्रश्न योग्य आहे. त्याचं सगळ्यात तपशीलवार उत्तर मला युएन युएन आंग यांच्या कामात सापडलं. आंग मूळच्या सिंगापूरच्या राज्यशास्त्रज्ञ. अमेरिकेत शिकल्या, बरीच वर्षं मिशिगन विद्यापीठात शिकवलं, आता जॉन्स हॉपकिन्समध्ये आहेत. २०१६ मध्ये त्यांचं 'हाऊ चायना एस्केप्ड द पॉव्हर्टी ट्रॅप' हे पुस्तक आलं. बीजिंगच्या राजवाड्यात काय शिजलं याच्या गप्पा त्यात नाहीत. चीनच्या काउंट्यांमध्ये, म्हणजे ढोबळमानानं आपल्या तालुक्या-जिल्ह्यांच्या पातळीवर, साधे अधिकारी रोज काय करत होते, त्यांचा पगार कसा ठरायचा, बढती कशानं मिळायची, कारखानदाराला ते कुठून पकडून आणायचे, हे शेकडो मुलाखती घेऊन त्यांनी खणून काढलंय.

त्यांचं म्हणणं ढोबळमानानं असं. १९७८ नंतरच्या चीनमध्ये वरून हुकूम सुटला आणि खाली देश बदलला, असं झालं नाही. वरून दिशा मिळत होती, मार्ग खालची माणसं शोधत होती. याला त्यांचा शब्द आहे 'डायरेक्टेड इम्प्रोव्हायझेशन'. राग आणि ताल वरून ठरवून दिलेला, ताना ज्याच्या त्याच्या. आणि अशा गाणाऱ्या काउंट्या देशात सुमारे २,८००.

बीजिंगहून येणाऱ्या आदेशांचे त्या तीन रंग सांगतात. काळा आदेश म्हणजे हे करा, स्पष्ट परवानगी. लाल म्हणजे हे अजिबात नाही. तिसरा करडा: मुद्दाम मोघम ठेवलेला. करून बघा, जमलं तर बघू, फसलं तर आम्ही सांगितलं नव्हतं. चीनचा सगळा चमत्कार या करड्या रंगात घडला, असं मी आता म्हणेन.

याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावाचं आहे. १९७८ च्या हिवाळ्यात तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी रात्री जमून एका कागदावर अंगठे उठवले. सामूहिक शेतीची जमीन आपापसांत कुटुंबवार वाटून घ्यायची, सरकारचा कोटा भरायचा आणि उरेल ते ज्याचं त्याचं. हा गुन्हा होता. म्हणून कागदावर एक कलम असंही होतं की आपल्यातला कुणी तुरुंगात गेला तर बाकीच्यांनी त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. डिसेंबर १९७८ च्या ज्या बैठकीला आपण 'डंगने सुधारणा सुरू केल्या ती बैठक' म्हणतो, तिथल्या शेतीविषयक मसुद्यात अशी कुटुंबवार वाटणी करू नये असंच लिहिलं होतं. म्हणजे लाल. पण प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी डोळेझाक केली. पीक चांगलं आलं. मग दुर्गम भागाला अपवाद, मग गरीब भागाला मुभा, आणि १९८२ साली केंद्राच्या वर्षातल्या पहिल्याच दस्तऐवजात अधिकृत मान्यता. लाल, करडा, काळा, चार वर्षांत. चीनच्या सुधारणांची सुरुवात वरच्या हुकमानं झाली असं ज्याला वाटतं, त्यानं त्या अठरा अंगठ्यांचं काय करायचं ते सांगावं.

मग गुंतवणूक. कारखाने आणायचे म्हणजे स्वच्छ, तज्ज्ञ, नियमानं चालणारी एक संस्था हवी, असं आपल्याला पुस्तकात शिकवलंय. आंग यांना दिसलं ते उलटं. सुरुवातीच्या काळात काउंटीतल्या झाडून सगळ्या खात्यांना गुंतवणूक आणायचं टार्गेट दिलेलं. ज्यांचा उद्योगाशी सुतराम संबंध नाही अशांनासुद्धा. प्रत्येकानं आपले नातेवाईक, वर्गमित्र, गावातून हाँगकाँगला गेलेला कुणीतरी मावसभाऊ असे सगळे धागे ओढायचे. आंग याला मधमाश्यांच्या पोळ्याची उपमा देतात. पगार तुटपुंजा, पण भत्ते आणि सोयी खात्यानं आणि काउंटीनं किती कमावलं त्याला बांधलेल्या. कुठल्याही सुशासनाच्या चेकलिस्टवर हे सगळं नापास होईल. पण गरीब ठिकाणी हाताशी हेच होतं: ओळखी, गोंधळ आणि हावरटपणा. तेच वापरून बाजार उभा केला. बाजार उभा राहिल्यावर त्यालाच नीट नियम, तज्ज्ञ अधिकारी, जमिनीच्या स्पष्ट मालकीची गरज पडली आणि मग त्या संस्था आल्या. किनाऱ्यावरच्या श्रीमंत काउंट्या पुढे कारखाने निवडून घ्यायला लागल्या, धूर सोडणाऱ्यांना नाही म्हणू लागल्या. कमकुवत संस्थांनी बाजार उभारला, बाजारानं चांगल्या संस्था घडवल्या आणि त्यांनी बाजार टिकवला.

हे वाचताना माझी पंचाईत झाली, कारण माझा एक लाडका समज याच झटक्यात गेला. मी एका बाजूला 'एक दणकट माणूस द्या' म्हणायचो आणि दुसऱ्या बाजूला 'आधी सिस्टीम सुधारा, मग बाकीचं' असंही म्हणायचो. जागतिक बँकेची भाषा. तीच भाषा 'डुइंग बिझनेस'च्या क्रमवारीची. भारत तिच्यात काही वर्षांत १४२ वरून ६३ वर आला तेव्हा आम्ही स्टेटस ठेवले होते. तेव्हा भारताचं मोजमाप फक्त मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून होत होतं, हे नंतर कळलं. २०२१ मध्ये बँकेनं ती क्रमवारीच बंद केली, कारण काही वर्षांच्या आकड्यांमध्ये गडबड सापडली होती. २०१८ च्या अहवालात ज्या देशाचं स्थान बेकायदा वर ढकललं गेलं, तो देश चीन. ज्या यादीत चीन नापास व्हायला हवा, त्या यादीत चीनला पास करण्यासाठी मार्क वाढवले! यादीबद्दल याहून जास्त काय बोलायचं.

यादी उचलून आणायची सवय आपल्यालाही आहे. माझ्या धंद्यात तर ती साथीसारखी आहे. तीन माणसांच्या टीमनं जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं आर्किटेक्चर कॉपी करायचं आणि मग सहा महिने फक्त ते आर्किटेक्चर सांभाळत बसायचं. भारतानं चीनची कॉपी नेमकी अशीच केली. मुरासोली मारन वाणिज्यमंत्री असताना चीन बघून आले आणि २००० साली विशेष आर्थिक क्षेत्राचं, म्हणजे एसईझेडचं धोरण आलं. २००५ मध्ये कायदा झाला. चीननं १९८० मध्ये असे फक्त चार तुकडे निवडले होते. त्यातलं शेन्झेन ३२७ चौरस किलोमीटरचं. आपण काही वर्षांत शेकडो मंजूर केले.

शेन्झेनचं गुपित टॅक्सच्या सवलतीत नव्हतं. जो नियम देशभर लावायची हिंमत नाही, तो आधी इथं लावून बघायचा, ही गोष्ट होती. १ डिसेंबर १९८७ ला शेन्झेननं जमीन वापरायच्या हक्काचा जाहीर लिलाव केला. तेव्हा राज्यघटना अशा व्यवहाराला परवानगी देत नव्हती. घटनादुरुस्ती झाली त्यानंतर, एप्रिल १९८८ मध्ये. आधी प्रयोग, मग घटना. (हे वाक्य मी भारतासाठी सुचवत नाहीये, कृपया स्क्रीनशॉट काढू नका.)

आपल्या एसईझेडमध्ये कोणता प्रयोग झाला? मी त्यातच नोकरी करतो, म्हणून सांगतो. गेटवर लॅपटॉपची नोंद करावी लागते, जणू मी दुसऱ्या देशात चाललोय. आयटी कंपन्यांची जुनी करमाफी ३१ मार्च २०११ ला संपली आणि सगळ्यांना एसईझेड आवडायला लागले. एवढंच. आणि जिथं खरोखर शेन्झेनच्या आकाराची स्वप्नं बघितली गेली तिथं काय झालं, ते रायगडच्या लोकांना विचारा. महामुंबई एसईझेडसाठी पेण, उरण, पनवेलच्या जमिनी घ्यायचं ठरलं, एन. डी. पाटलांसारखी माणसं रस्त्यावर उतरली आणि सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. तो प्रकल्प उभा राहिला नाही. गोव्यानं तर त्याच्या आधीच, २००७ सरता सरता, एसईझेड नकोत म्हणून जाहीर केलं. आमच्या टेबलावर ही उदाहरणं 'लोकशाहीमुळे विकास अडतो' या सदरात येतात. मी म्हणतो, चीनमधून नकाशा आणला, तो घडवणारी पद्धत आणली नाही, म्हणून अडलं. गावाला आधी विचारून, छोट्या तुकड्यावर करून दाखवून, मग वाढवायला कुणी अडवलं होतं?

भ्रष्टाचाराबद्दलही तसंच. 'चीनमध्ये भ्रष्टाचाऱ्याला गोळी घालतात' हा त्या व्हिडिओचा धाकटा भाऊ. आंग यांचं दुसरं पुस्तक, 'चायनाज गिल्डेड एज', २०२० मध्ये आलं, ते याच विषयावर आहे. त्या भ्रष्टाचाराचे चार प्रकार करतात. खालच्या माणसानं केलेली चिरीमिरी वसुली. वरच्या माणसानं केलेली तिजोरीची लूट. काम लवकर व्हावं म्हणून दिलेलं चहापाणी, म्हणजे 'स्पीड मनी'. आणि चौथा 'ॲक्सेस मनी': अडलेलं काम सोडवायला नाही, तर मोठं घबाड मिळवायला वरच्याला दिलेला वाटा, म्हणजे जमीन, कंत्राट, स्वस्त कर्ज. चीननं पहिले प्रकार बऱ्यापैकी आवळले, चौथा फोफावला. माझ्या काकाला सातबाऱ्यावर वारसनोंद करायला एका कार्यालयात दीड वर्ष 'वजन' ठेवत फिरावं लागलं. असल्या पैशानं वाढ खुंटते, कारण माणूस कंटाळून नादच सोडतो. चौथ्या प्रकारात अधिकाऱ्यालाच कारखाना, रस्ता, टॉवर हवा असतो, कारण त्याचा वाटा त्यात असतो. म्हणून वाढ होते. पण आंग त्याला स्टेरॉइड म्हणतात. अंग फुगतं, आतून अवयव जातात.

जी जियान्ये हे त्यांनी दिलेलं उदाहरण. आधी यांगझोऊ, मग नानजिंग. शहरं पाडून पुन्हा बांधायचा असा झपाटा की लोक त्यांना बुलडोझर म्हणायचे. आपल्याकडे आज ही पदवी कौतुकानं देतात. २०१३ मध्ये ते पकडले गेले, २०१५ मध्ये लाचखोरीसाठी पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शहर बदलणारा माणूस आणि कंत्राटदार मित्रांकडून मलिदा खाणारा माणूस एकच होता, एकाच वेळी. आणि ही सगळी बांधकामं ज्या कर्जावर आणि जमीनविक्रीवर उभी होती, त्याचं बिल पुढे आलंच. एव्हरग्रांड २०२१ मध्ये कर्ज फेडू शकली नाही, जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या कोर्टानं ती मोडीत काढायचा आदेश दिला.

आता माझी तक्रार, आंग यांच्याबद्दल. त्यांची पुस्तकं वाचताना अधिकारी जिवंत होतात: त्यांची धडपड, त्यांची टार्गेटं, त्यांची हाव. ज्याचं घर बुलडोझरखाली गेलं तो माणूस मात्र मला फारसा भेटला नाही. 'इम्प्रोव्हायझेशन' हा शब्द मैफलीतला आहे. एकजण गातो तेव्हा दुसऱ्याची जमीन जात नाही. इथं जात होती. आणि ज्यांची गेली, त्यांना ना तान घ्यायची मुभा होती, ना उठून जायची. आंग स्वतः लिहितात की डंगने निवडणुका आणल्या नाहीत, पण नोकरशाहीत थोडी जबाबदारी, थोडी स्पर्धा आणि सत्तेवर थोडी मर्यादा आणली. हे मला पटतं. पण ती मर्यादा साहेबाला साहेबाकडून होती, गावाला साहेबावर नव्हती. पेणच्या गावांना ती होती, काही झालं तरी.

आणि ही नोकरशाहीतली सैल दोरी काढून घेतली की काय उरतं, याची चीननं दोनदा चाचणी दिली आहे. १९५८ मध्येही एकच पक्ष होता, एकच माणूस होता, कुणाला विचारायचं नव्हतं. वरून लाल-काळे आदेश, खालून खूश करणारे खोटे आकडे, परसातल्या भट्ट्यांत वितळवलेली भांडी, आणि १९६२ पर्यंत उपासमारीनं मेलेली माणसं, कमीत कमी अंदाजानं दीड कोटी. माओला छडी कमी पडली नव्हती. दुसरी चाचणी आजची. शी जिनपिंग यांच्या काळात दहा लाखांहून जास्त अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, २०१८ मध्ये अध्यक्षपदाची मुदतीची मर्यादा गेली आणि करडा रंग विटत चालला. चूक केली तर मान जाते, काही न केलं तर फारसं काही जात नाही. मग अधिकारी काय करेल? फाइल वर पाठवेल. अधिकारी हातपाय हलवत नाहीत, ही तक्रार आता खुद्द पक्षच करतो. झिरो कोविड हा त्याच काळातला काळा-पांढरा आदेश. २०२२ च्या वसंतात शांघायसारखं शहर दोन महिने कुलूपबंद, आणि डिसेंबरात एका झटक्यात सगळं उघडं.

म्हणून माझं टेबलावरच्या मित्राला म्हणणं असं आहे की तुला चीन हवाच नाहीये. डंगच्या चीनमधली जी गोष्ट चालली, ती म्हणजे खालच्या माणसाच्या हातात पैसा आणि चुका करायची मोकळीक. सरकारी खर्चाचा जवळपास ८५ टक्के वाटा तिथं प्रांत आणि त्याखालच्या सरकारांच्या हातून होतो. आपल्या सगळ्या महापालिका-नगरपालिकांचा मिळून खर्च जीडीपीच्या साधारण एक टक्का. मार्च २०२२ मध्ये पुणे-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षं तिथं निवडून आलेलं कुणीच नव्हतं, मुंबईतून नेमलेला एक प्रशासक. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं आणि करून घ्यायचं, हे पुण्यात प्रत्यक्षात आलं होतं की! त्या काळात ऑफिसला पोचायला तुला किती वेळ कमी लागला, ते सांग.

हे मी खरंच विचारलं, परवाच. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "नगरसेवक काय, सगळे चोरच." असतील. चौकातल्या ज्या खड्ड्यात मागच्या पावसाळ्यात त्याची गाडी घसरली, तो बुजवायला त्यानं ॲपवर तीन तक्रारी टाकल्या होत्या. तिन्हींवर 'निराकरण झाले' असा मेसेज आला. खड्डा आहे तिथंच आहे, आणि चोर म्हणायलासुद्धा त्या वॉर्डात तेव्हा कुणी नव्हतं.